लिनक्सने मशीन तुमचं होतं, पण माहितीचं काय?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. लॅपटॉप सात-आठ वर्षांचा आहे, त्यावर विंडोज १० आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे नेहमीचे अपडेट थांबले आणि विंडोज ११ त्या मशीनवर चढत नाही. एक मित्र विंडोजच्या जागी चालणारी, उघड्या कोडची ऑपरेटिंग सिस्टीम सुचवतो, "लिनक्स टाक, पाळत ठेवण्याचा प्रश्नच मिटला." दुसरा सांगतो, "ज्याचा कोड अख्ख्या जगाला दिसतो ते सुरक्षित कसं? चोराला घराचा नकाशा दिल्यासारखं आहे ते." खरं कोणाचं, आणि टाकायचंच झालं तर कोणती डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा कोणता तयार संच, असं तुम्ही विचारलंय.

वीसेक वर्षं मी लिनक्सचे सर्व्हर सांभाळतोय. ओळखीपाळखीच्या पुष्कळ लोकांना लॅपटॉपवर लिनक्स टाकून दिलंय आणि चार-पाच जणांचं पुन्हा काढूनही दिलंय. दोन्ही मित्रांचं थोडं थोडं चुकतंय. पण पहिल्याची चूक जास्त महागात पडेल, कारण ती ऐकायला गोड आहे आणि ऐकून माणूस निर्धास्त होतो. म्हणून आधी त्याचं बघू.

नवं लिनक्स टाकून झालं की मी लोकांना एक खेळ दाखवतो. टर्मिनलमध्ये, म्हणजे आदेश टाइप करायच्या खिडकीत, टीसीपीडंप चालू करायचं. मशीनमधून बाहेर जाणारं आणि आत येणारं प्रत्येक पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, त्यात एकेका ओळीत दिसतं. ब्राउझर बंद ठेवायचा, कीबोर्डवरून हात काढायचे आणि नुसतं बघत बसायचं. उबुंटू किंवा फेडोरा यांच्यासारखी डिस्ट्रो असेल तर अधूनमधून एखादी ओळ उमटते. एक विचारणा घड्याळ जुळवण्यासाठी. एक नेटवर्क मॅनेजरची: इंटरनेट खरंच चालू आहे की मध्ये कुठल्या वायफायचं लॉगिनचं पान आडवं आलंय, हे बघण्यासाठी. मग कधीतरी अपडेटच्या याद्या. पुन्हा शांतता. यातली प्रत्येक ओळ कोणत्या प्रोग्रामची आहे हे शोधता येतं आणि नको असेल ती बंद करता येते. इंटरनेट आहे का ते तपासणारी विचारणासुद्धा. विंडोजच्या होम आणि प्रो आवृत्त्यांमध्ये "आवश्यक" म्हटलेली निदान-माहिती पाठवणं पूर्णपणे थांबवायचं बटणच नाही. ते एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्त्यांसाठी राखून ठेवलंय. एवढ्यापुरतं तुमच्या पहिल्या मित्राचं शंभर टक्के बरोबर आहे.

आता ब्राउझर उघडा आणि कुठल्याही बातम्यांच्या साइटवर जा. मघाशी मिनिटाला एखादी ओळ येत होती, तिथे आता वाचता येणार नाही इतक्या वेगाने स्क्रीन वर सरकते. त्या साइटचा स्वतःचा सर्व्हर त्या गर्दीत एखाद-दुसरा. बाकी जाहिरातवाले, वाचक मोजणारे, फाँट पुरवणारे, व्हिडिओ पुरवणारे, आणि नावावरून काहीच कळू नये असे काही. तुमच्या मशीनवर विंडोज आहे की लिनक्स, याने यांच्यापैकी कोणाचंही काहीच अडत नाही. तुम्ही त्याच मेलच्या खात्यात लॉगिन केलेलं आहे, नकाशे तिथलेच, शोधही तिथलाच, फोटोही तिथेच. खात्यात जमा होणारी माहिती ऑपरेटिंग सिस्टीम बदलून कमी होत नाही.

आणखी एक गंमत म्हणजे लिनक्स वापरणारा माणूस वेबवर जरा उठूनच दिसतो. ब्राउझर प्रत्येक साइटला स्वतःची ओळख सांगतो: कोणती सिस्टीम, कोणती आवृत्ती, स्क्रीन केवढी, फाँट कोणते. हे सगळं एकत्र केलं की एक ठसा तयार होतो आणि कुकीशिवायही, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये खूण ठेवली नसली तरी, माणूस ओळखता येतो. डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० मध्ये याचा प्रयोग केला होता. त्यात आलेल्या ब्राउझरांपैकी ८३.६ टक्क्यांचा ठसा त्या संचात एकमेव निघाला. तेव्हापासून ब्राउझरवाल्यांनी बरीच सुधारणा केली, पण तत्त्व तेच आहे. गर्दीत मिसळायचं असेल तर थोड्याच लोकांकडे असलेला शर्ट घालून फायदा नसतो. लिनक्सवर दहा वेगळे फाँट, वेगळी थीम आणि ब्राउझरला पंधरा एक्स्टेन्शन लावून "मी किती खासगी" म्हणणारे मला नेहमी भेटतात. त्यांचा ठसा सगळ्यात ठळक असतो.

म्हणजे लढाई बरीचशी ब्राउझरमध्ये आहे, आणि ती तुम्ही आजच, आहे त्या विंडोजवरसुद्धा सुरू करू शकता. फायरफॉक्स घ्या, त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती आणि माग काढणारे अडवणारं एक्स्टेन्शन टाका, दुसरं काही टाकू नका. क्रोममध्ये मॅनिफेस्ट व्ही३ हे एक्स्टेन्शनसाठीचे नवे नियम आल्यापासून मूळ यूब्लॉक ओरिजिन चालत नाही, तिथे त्याची हलकी आवृत्ती मिळते. फायरफॉक्सही सोवळ्यातला नाही. तो स्वतःच्या वापराची आकडेवारी मुळातच पाठवत असतो, सेटिंगमध्ये जाऊन ती खूण काढावी लागते, आणि तो बनवणाऱ्या मोझिलाचं बहुतेक उत्पन्न गूगलला त्यात शोधाची मुळातली जागा दिल्याच्या मोबदल्यातून येतं. तरीही मी तोच वापरतो, कारण ती खूण काढता येते. मेल आणि इतर लॉगिनसाठी एक प्रोफाइल, भटकायला दुसरं, एवढी शिस्त पाळली तर निम्मं काम होतं. व्हीपीएनबद्दल, म्हणजे तुमची सगळी ये-जा दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून नेणाऱ्या सेवेबद्दल, तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच असतो म्हणून सांगतो: इंटरनेट देणाऱ्या कंपनीला जे दिसत होतं ते आता व्हीपीएनच्या कंपनीला दिसेल, मुख्य बदल इतकाच. ती कंपनी जास्त विश्वासाची वाटत असेल तर जरूर घ्या.

आता दुसरा मित्र. उघडा कोड म्हणजे चोराला नकाशा, हा युक्तिवाद मी इतक्यांदा ऐकलाय की पूर्वी त्यावर हसायचो. मार्च २०२४ नंतर हसणं जरा कमी केलं.

एक्सझेड नावाचं फाइल दाबून लहान करणारं छोटंसं साधन आहे. जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं, कोणाचंच तिकडे लक्ष नसतं. वर्षानुवर्षं एकच माणूस ते फावल्या वेळात सांभाळत होता. २०२१ च्या सुमारास जिया टॅन या नावाने कोणीतरी मदतीला आलं. चांगले पॅच, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त्या, पाठवले, विश्वास कमावला. त्याच काळात काही अनोळखी खाती ते सांभाळणाऱ्या मूळ माणसाला टोचत राहिली की काम फार हळू चाललंय, दुसऱ्या कोणाला अधिकार द्या. थकलेल्या माणसाने अधिकार दिले. टॅन आल्यापासून दोन-अडीच वर्षांनी, २०२४ च्या सुरुवातीला, ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमधून मागचं दार आलं. हेतू असा की एसएसएच या दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या साधनातून सर्व्हरमध्ये घुसता यावं. एसएसएचचा एक्सझेडशी थेट संबंधच नाही. पण काही डिस्ट्रो सिस्टमडीशी, म्हणजे मशीनवरच्या सेवा चालू-बंद करणाऱ्या व्यवस्थेशी, जुळवून घेण्यासाठी एसएसएचमध्ये स्वतःचा पॅच लावतात, त्यामागून सिस्टमडीची लायब्ररी येते आणि तिच्यामागून एक्सझेडची. दार तिथे बसवलं होतं.

ते ज्या तऱ्हेने लपवलं होतं त्यात तुमच्या दुसऱ्या मित्राने नीट लक्ष घालावं. घातक भाग चाचणीसाठी ठेवलेल्या "बिघडलेल्या" फाइलींमध्ये दडवला होता आणि त्याला बाहेर काढणारा बिल्ड स्क्रिप्टचा (कोडपासून प्रोग्राम बनवणाऱ्या आदेशांचा) तुकडा, कोडचे सगळे बदल जिथे नोंदले जातात त्या गिटच्या भांडारात नव्हताच. तो फक्त प्रकाशित केलेल्या टारबॉलमध्ये, म्हणजे आवृत्तीच्या बांधलेल्या गठ्ठ्यात, होता. म्हणजे "कोड उघडा आहे, मी वाचून बघतो" म्हणत कोणी गिटमध्ये बसला असता तर त्याला कळस दिसला असता, पाया नाही. डिस्ट्रो मात्र टारबॉलवरूनच पॅकेज बनवत होत्या.

सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा प्रोग्रॅमर. नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये, हाही योगायोगच. डेबियन या डिस्ट्रोच्या अस्थिर, म्हणजे अजून घडत असलेल्या, शाखेवर तो काही वेग मोजत होता तेव्हा त्याला दिसलं की एसएसएचचं लॉगिन नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त घेतंय आणि प्रोसेसर उगाच राबतोय. काही आठवड्यांपूर्वी व्हॅलग्रिंड या स्मृतीच्या चुका शोधणाऱ्या साधनाने एक विचित्र तक्रार केली होती, तीही त्याला आठवली. त्याने धागा ओढला आणि २९ मार्चला सगळं जाहीर केलं. डिस्ट्रोंनी लगेच जुन्या आवृत्तीवर माघार घेतली. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत किंवा कंपन्या वापरतात त्या रेड हॅट एंटरप्राइजपर्यंत ते पोचलंच नव्हतं.

व्हॅलग्रिंडचं नाव आलंच आहे तर उलटी गोष्टही सांगितली पाहिजे. २००६ मध्ये त्याच जातीच्या तक्रारींचा ताप नको म्हणून डेबियनच्या ओपनएसएसएल या एनक्रिप्शनच्या पॅकेजमधला कोड थोडा गाळला गेला. गाळलेला भाग नेमका यादृच्छिकता, म्हणजे अंदाज बांधता येणार नाहीत असे आकडे, गोळा करणारा होता. परिणाम असा की त्या मशीनवर बनणाऱ्या एनक्रिप्शनच्या किल्ल्या जवळपास केवळ प्रोसेसच्या क्रमांकावर, म्हणजे चालू प्रोग्रामला सिस्टीम देते त्या आकड्यावर, ठरू लागल्या. प्रत्येक प्रकारच्या किल्लीचे जेमतेम ३२ हजार पर्याय उरले. बदल उघड्यावर होता. कोणीही वाचू शकत होतं. मे २००८ पर्यंत, म्हणजे पावणेदोन-दोन वर्षं, कोणी हाक मारली नाही. त्या आठवड्यात मी ज्या सर्व्हरच्या किल्ल्या बदलत बसलो होतो त्यांची यादी अजून एका वहीत आहे.

तेव्हा "हजारो डोळे तपासत असतात" हे वाक्य सोडून द्या. बहुतेक कोडवर कोणाचेही डोळे नसतात. मला उघड्या कोडचा विश्वास वाटतो तो वेगळ्या कारणाने: शंका आलेल्या बाहेरच्या माणसाला कोणाची परवानगी न घेता आत जाता येतं. फ्रॉइंडचा एक्सझेडशी काही संबंध नव्हता, त्याच्याकडे कोणतं ओळखपत्र नव्हतं. बंद सॉफ्टवेअरमध्ये त्याने अर्धा सेकंद उशीर होतोय अशी तक्रार ग्राहक-सेवेकडे नोंदवली असती आणि त्याला मशीन पुन्हा चालू करून बघायला सांगितलं असतं.

दुसरं कारण म्हणजे सोडून जाता येतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये उबुंटू १२.१० ने असं केलं की तुम्ही स्वतःच्याच मशीनवर फाइल शोधायला काही टाइप केलंत तर ते शब्द उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलच्या सर्व्हरवर जात आणि निकालात ॲमेझॉनच्या वस्तू दिसत. मुळातच चालू ठेवलेलं. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याला सरळ स्पायवेअर म्हटलं. पहिल्या मित्राला हे जरूर सांगा: लिनक्सवरसुद्धा असं घडलंय. पण लोकांनी एक पॅकेज काढून ते बंद केलं, कित्येक जण दुसऱ्या डिस्ट्रोवर गेले, आणि १६.०४ मध्ये ते मुळात बंद करून यायला लागलं. २०२१ मध्ये ऑडॅसिटी हे आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर नव्या मालकाकडे गेलं आणि वापराची माहिती गोळा करायचा प्रस्ताव आला, तेव्हा ओरड होऊन काही दिवसांत प्रस्ताव मागे घेतला गेला, आणि पुढे नव्या गोपनीयता-धोरणावरून फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून वेगळ्या लोकांनी चालवलेल्या आवृत्त्या, निघाले. ओपनऑफिस या ऑफिसच्या प्रोग्रामांच्या संचातून २०१० मध्ये लिब्रेऑफिस वेगळं निघालं आणि आज मूळ कोणाच्या लक्षातही नाही.

या वादांमध्ये ज्याबद्दल कोणी बोलत नाही, आणि तुमच्या बाबतीत जे सगळ्यात महत्त्वाचं आहे, ते म्हणजे लॅपटॉप हरवणं. एका परिचिताचा ठाम समज होता की लॉगिनला मोठा पासवर्ड आहे म्हणजे झालं. त्याच्यासमोर त्याचाच लॅपटॉप घेतला, पेनड्राइव्हवरून लाईव्ह लिनक्स, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारं, चालू केलं. फाइल मॅनेजरच्या डाव्या पट्टीत त्याची डिस्क दिसत होती. होम फोल्डरवर परवानगीचं कुलूप होतं, पण पेनड्राइव्हवरच्या लिनक्समध्ये रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, मीच. फायरफॉक्सचा प्रोफाइल फोल्डर कॉपी केला, माझ्या मशीनवरच्या फायरफॉक्सला दिला, आणि त्याने साठवलेले पासवर्ड एकाखाली एक. पाच मिनिटंही लागली नाहीत. लिनक्स होतं त्याचं. "सुरक्षित" लिनक्स.

उपाय म्हणजे इन्स्टॉल करतानाच पूर्ण डिस्क एनक्रिप्ट करण्याची, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करण्याची, खूण करणं. मिंट, उबुंटू, फेडोरा, डेबियन सगळे विचारतात. बहुतेक जण ती खूण न करता पुढे जातात आणि नंतर तीच गोष्ट करणं फार कटकटीचं होतं. इथे विंडोजलाही श्रेय दिलं पाहिजे. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर तिथे डिस्क आपोआप एनक्रिप्ट होते, फक्त सोडवणुकीची किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बसते. लिनक्समध्ये ती किल्ली कोणाकडेच नसते, म्हणजे विसरलात तर संपलं. माझं स्वतःचं तर विसरण्यानेही नाही गेलं. एका रात्री पेनड्राइव्हवर आयएसओ (इन्स्टॉलची अख्खी फाइल) लिहिताना डीडी या डिस्कवर लिहिणाऱ्या आदेशात डिस्कच्या नावाचं शेवटचं अक्षर "बी" ऐवजी "ए" पडलं आणि आयएसओ थेट लॅपटॉपच्या डिस्कवर उतरली. लक्स या लिनक्सच्या डिस्क-एनक्रिप्शनचं शीर्षक, ज्यात किल्लीची माहिती असते, एनक्रिप्ट केलेल्या भागाच्या सुरुवातीला असतं, ते पुसलं गेलं. पासफ्रेज तोंडपाठ होता, त्याचा उपयोग शून्य. बॅकअप अकरा दिवस जुना होता. लक्स हाताळणाऱ्या क्रिप्टसेटअपमध्ये त्या शीर्षकाची प्रत काढून ठेवायचा आदेश आहे. मी तो तेव्हापासून प्रत्येक मशीनवर चालवतो.

स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी व्यवस्था जुनी एक्स११ घ्यायची की नवी वेलँड, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. खासगीपणापुरतं त्यात तथ्य आहे. एक्स११ मध्ये एक्सइनपुट नावाचा साधा आदेश चालवून दुसऱ्या खिडकीत तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ टर्मिनलमध्ये बघता येते, पासवर्डसकट, आणि त्यासाठी रूटही लागत नाही. वेलँडने हे बंद केलं. पण घातक प्रोग्राम तुमच्या नावाने मशीनवर चालतच असेल तर त्याला तुमच्या फाइली वाचता येतातच, तेव्हा यासाठी झोप घालवू नका.

त्यापेक्षा प्रोग्राम कुठून आणता याकडे बघा. डिस्ट्रोच्या मूळ रिपॉझिटरीत, म्हणजे तिच्या अधिकृत भांडारात, जे आहे ते तिथूनच घ्या. उबुंटूच्या स्नॅप स्टोअर या ॲपच्या दुकानात २०२३ मध्ये क्रिप्टोचे खोटे वॉलेट सापडले होते. आर्च या डिस्ट्रोच्या, वापरकर्तेच पॅकेजं टाकतात अशा भांडारात जुलै २०२५ मध्ये फायरफॉक्सच्या नावाशी मिळतीजुळती घातक पॅकेजं आली होती. फ्लॅटपॅक या पद्धतीने मिळणाऱ्या ॲपभोवती सँडबॉक्स, म्हणजे बाकी मशीनपासून वेगळं ठेवणारी पेटी, असतो असं म्हणतात, पण त्या ॲपने अख्खं होम फोल्डर मागितलेलं असेल तर ती पेटी उघडीच आहे. फ्लॅटसील हे साधन टाकून परवानग्या एकदा बघून घ्या. आणि कुठल्या साइटवरचा आदेश सुडो लावून, म्हणजे रूटचे अधिकार देऊन, डोळे मिटून टर्मिनलमध्ये चिकटवू नका. लिनक्सवाल्यांचे घोळ मी जितके निस्तरलेत त्यातले बहुसंख्य इथूनच सुरू झाले.

डिस्ट्रोबद्दल थोडक्यात, कारण या प्रश्नावर जितका वेळ जातो तितकी त्याची लायकी नाही. तुमच्यासाठी लिनक्स मिंट. मशीन ओळखीचं वाटेल, अपडेट शांतपणे येतात, जुन्या हार्डवेअरवर नीट चालतं. नवं बघायची हौस असेल तर फेडोरा. "प्रायव्हसी डिस्ट्रो" म्हणून विकल्या जाणाऱ्या गोष्टी रोजच्या कामाला घेऊ नका. टेल्ससारखी मशीनवर मागमूस न ठेवणारी व्यवस्था फार वेगळ्या, जिवावरच्या गरजेसाठी आहे. आयएसओ अधिकृत साइटवरूनच उतरवा आणि सही तपासा. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटची साइटच फोडून आयएसओचे दुवे बदलले गेले होते, म्हणून फाइल तपासायला साइटवर दिलेली लांबलचक संख्या जुळली एवढ्यावर थांबू नका, जीपीजीची डिजिटल सहीही बघा. मिंटच्या पानावर पायऱ्या दिल्या आहेत, दहा मिनिटांचं काम आहे.

ज्यांचं लिनक्स मी काढून दिलं त्यांच्यातल्या दोघांचं पोट अडोबीच्या प्रोग्रामवर होतं. एकाला मॅक्रोंनी भरलेल्या एक्सेलच्या फाइली रोज साहेबांना परत पाठवायच्या होत्या आणि लिब्रेऑफिस त्या उघडत होतं पण मॅक्रो धड चालत नव्हते. एक जण मित्रांबरोबर असा ऑनलाइन खेळ खेळायचा ज्याचं फसवणूक रोखणारं सॉफ्टवेअर लिनक्सला दारातूनच परत पाठवतं. यातलं काही तुम्हाला लागू असेल तर तत्त्वासाठी त्रास काढू नका.

लागू नसेल तर आधी बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि त्यातली एखादी फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. मग मिंट पेनड्राइव्हवरूनच एक-दोन दिवस चालवा. आवाज, कॅमेरा, प्रिंटर आणि विशेष म्हणजे झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर मशीन जागं होतंय का, एवढं बघा. ते जागं होत नसेल तर इन्स्टॉल करण्याआधी मला मॉडेल कळवा. वायफायचं कार्ड ब्रॉडकॉम कंपनीचं निघालं तर इन्स्टॉलच्या वेळी केबल किंवा फोनचं यूएसबी टेदरिंग हाताशी ठेवा, कारण त्याचा ड्रायव्हर बरेचदा बंद कोडचा असतो आणि तो उतरवायलाच इंटरनेट लागू शकतं.